ज्वारीच्या डब्यातले टाक

मी, पुष्पाबाई भ्र. धर्मराज अंभोरे, वय अंदाजे ७२ वर्षे, शिक्षण दुसरी, तीही अर्धी, धंदा आधी शेती, आता मुलाच्या घरी बसणे, मूळ रा. टेंभुर्णी ता. जाफराबाद, ह. मु. फ्लॅट नं. ३०२, मंठा चौफुलीजवळ, जालना. आज रविवारी सकाळी साडेदहाला कुणी न बोलावता ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलगा सोमेश्वर व सून शीतल यांच्यासोबत राहते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सोमवारी घरात रंगकाम चालू झालं. पेंटर राधेश्याम, रा. बदनापूर, रोज रेल्वेनं येतो. शीतलनं भिंती राखाडी ठरवल्या, दारंही राखाडी. मी म्हणलं, "बाई, चुलीतली राख फुकट होती की." माझ्या खोलीपुढच्या बोळीला खिडकी नाही. भरदुपारी मी दोनदा भिंतीला दार समजून धडकले. घरातल्या कुणी पाहिलं नाही. राधेश्यामनं पाहिलं.

त्यानं माझ्या दाराच्या चौकटीला हळदीसारखा पिवळा रंग दिला आणि बोळीत जमिनीलगत दिव्यांची पट्टी लावली. शीतल म्हणाली, "हे डिझाइनमध्ये न्हाई." तो म्हणाला, "ताई, आजीबी डिझाइनमध्ये न्हाईत, पण घरात हायेत." त्यानंतर मी धडकले नाही.

हॉलच्या भिंतीवर त्यानं ज्वारीची दोन कणसं आखली. दाणे मला पांढऱ्या रंगात अंगठा बुडवून भरायला लावले. मी विचारलं, "मला अंगठेबहाद्दर म्हणतो का रे?" तो म्हणाला, "आजी, तुमचा अंगठा बराबर दाण्यासारखा उठतो. ब्रशला जमत न्हाई." बुधवारपर्यंत दीड कणीस भरलं.

आता चोरीबद्दल. देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक, म्हणजे मूर्ती उठवलेले पूजेचे पत्रे, आहेत. चार देवांचे, पाचवा माझ्या मयत मालकाचा. धुळीत पूजा होत नाही म्हणून सोमवारी सकाळी मी स्वतः ते ज्वारीच्या डब्यात ठेवले आणि देव्हाऱ्यावर चादर टाकली. पूजा बंद असली की आमच्याकडे देव धान्यात ठेवतात, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत. हे टेंभुर्णीत शेंबडं पोरगंबी सांगंल. गुरुवारी मी नणंदेकडे टेंभुर्णीला गेले. मोबाइल घरीच चार्जिंगला राहिला.

शनिवारी सोमेश्वरनं चादर काढली. टाक दिसले नाहीत. बाहेरचा माणूस एकच, म्हणून त्यानं राधेश्यामच्या नावानं तक्रार दिली. डबा कुणी उघडला नाही. ज्वारी मी गावाकडून आणते, पण घरात पाकिटाचं पीठ चालतं.

आज साडेनऊला मी घरी आले. दुसरं कणीस अर्धंच होतं, ब्रश वाळून काठी झाल्ता. सोमेश्वर म्हणाला, "आई, चोर सापडला." मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पाचही टाक निघाले. मालकाचा सगळ्यात खाली होता.

मी विचारलं, "मला विचारायचं सुचलं न्हाई?"

"तुझा मोबाइल घरीच होता."

"मंग आत्याचाबी घरीच होता का?"

सोमेश्वर रिक्षा आणायला खाली उतरला.

डबा टाकांसह हजर केला आहे, मोजून घ्यावेत. राधेश्याम सकाळपासून चौकशीसाठी समोरच्या बाकावर बसला आहे. त्यानं आमच्या घरातून काही नेलेलं नाही. जमादार म्हणतात, जबाबात उपकार लिहीत नाहीत. मंग आळ बरा लिहिता येतो? लिहा: मला माझं दार दिसतं ते या माणसामुळं. त्याला मात्र वाचून दाखवू नका, शेफारंल.

माझा जबाब मी कान देऊन ऐकला. 'मयत' हा शब्द जमादारांनी घातला, मी नुसतं 'मालक' म्हणलं होतं. बाकी शब्द न् शब्द खरा. सही येते, पण आज अंगठा देते. ताडून पाहायचा असंल तर घरी या, भिंतीवर दीड कणीसभर आहे.

उरलेलं अर्धं भरायला राधेश्यामला माझ्यासोबतच सोडावं. सोमेश्वर बाहेर रिक्षात बसून राह्यला, आत यायला लाजतो. त्याला आधी आत बोलवून तक्रार मागं घेऊ द्या. मंग रिक्षात राधेश्यामसाठी तो सरकून बसंल.

निशाणी अंगठा: पुष्पाबाई