पिवळट झाक

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणकाकू आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. पुढच्या बाकावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा शेजाऱ्याशी बोलत होते, आणि काकूंचे कान तिकडेच लागले होते.

"मोठ्या शाईच्या कारखान्यात होतो. रंग पास करायचं काम. माझी सही झाल्याशिवाय डबा बाहेर पडत नसे."

"त्याला यंत्र नव्हतं?"

"होतं की! ते म्हणायचं, निळा बरोबर आहे. मी म्हणायचो, पिवळट झाक मारतेय, पुन्हा करा. शेवटच्या दोन वर्षांत यंत्रच तीनदा दुरुस्तीला पाठवलं मी."

"मग?"

"मग काय! परवा पट्टी निघाली. मी नापास केलेल्या शाईचा एक नमुना घरी होता, तो पाहिला. लख्ख निळा! पिवळा मोतीबिंदू होता हो, शाई नव्हती."

"अरेरे! कारखान्यात कळवलंत?"

"कळवतोय कसला! निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, अशी नजर पुन्हा होणे नाही."

"बरं, उजवा डोळा कधी करताय?"

"बायको हात धुऊन मागे लागलीय. पण राहू दे म्हणतो. त्या डोळ्यानं पाहिलं, की अजून माझंच बरोबर दिसतं."