चौथ्या गणिताची खूण

टायका : शून्य! रायली, उत्तर शून्य आलंय! इतकं देखणं शून्य मी जन्मात पाहिलं नाही. चौथं गणित चार ओळींत गार!

रायली : आधी सोफ्यावरून खाली उतर. माझ्या कॉफीत पाय पडेल तुझा.

टायका : ऐक तर. एक भागिले, एक अधिक कॉस वर्ग एक्स. शून्यापासून पायपर्यंत इंटिग्रल. मी काय केलं? टॅन एक्सला यू म्हटलं. खालची सीमा टॅन शून्य, म्हणजे शून्य. वरची टॅन पाय, तेही शून्य! शून्यापासून निघायचं नि शून्यालाच पोचायचं. घरातून बाहेरच पडायला नको. माझ्यासाठीच काढलंय हे गणित.

रायली : हं.

टायका : तुझं ते 'हं' मला आवडत नाही. तुझं ठाऊक नाही, पण बाकी आख्ख्या वर्गाला शून्यच आलंय. पंधरा जण आम्ही, पंधरा!

रायली : पंधरा जण एका होडीत बसले म्हणून ती बुडायची राहत नाही. छेद बघ. कॉस वर्ग कितीही नाचला तरी शून्य ते एकच्या मध्येच. म्हणजे छेद?

टायका : एक ते दोन.

रायली : मग आलेखाची उंची?

टायका : अर्ध्याच्या खाली कधीच नाही... अरे देवा.

रायली : पायपर्यंत म्हणजे तिनाहून लांब, कुठेही अर्ध्याहून कमी उंच नाही, आणि क्षेत्रफळ शून्य. असा पाव तुला कुणी दिला तर घेशील का?

टायका : नको, हसवू नकोस, तोंडात बन आहे! रायली, आता काय करायचं? वर्ग सुरू व्हायला पाऊण तास उरलाय.

रायली : शून्यापासून पायपर्यंत जाताना वाटेत नव्वद अंश लागतात. तिथे टॅन कुठे असतो?

टायका : स्वर्गात.

रायली : आणि एक पाऊल पुढे?

टायका : पाताळात. खालून वर यायला लागतो.

रायली : मी एकोणीस वर्षं बेटांकडे गाड्या नेणाऱ्या पिवळ्या फेरीबोटीवर होते. दर उन्हाळ्यात एखादा पाहुणा यायचाच. नकाशात रस्ता सरळ दिसतो म्हणून गाडी तश्शी पुढे दामटायचा. अरे बाबा, रस्ता या काठाला संपतो! पलीकडचा दुसरा. मधे पाणी.

टायका : म्हणजे मी गाडी पाण्यात घातली.

रायली : पंधराही जणांनी. खिडक्या उघड्या ठेवून, गाणी म्हणत.

टायका : हा हा! थांब, थांब, मला करू दे. नव्वदवर तोडायचं. दोन तुकडे. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं, म्हणून एकच काढायचा नि दुप्पट करायचा. यू शून्यापासून अनंतापर्यंत, एक भागिले यू वर्ग अधिक दोन... पाय भागिले दोन वर्गमूळ दोन. दुप्पट केलं की पाय भागिले वर्गमूळ दोन!

रायली : किती होतात?

टायका : दोन पॉइंट दोन दोन.

रायली : उंची अर्धा ते एक, म्हणजे क्षेत्रफळ दीड ते सव्वातीनच्या मधे हवं. बसतंय?

टायका : बसतंय! मांडी घालून बसतंय! रायली, तुझा मुका घेऊ का?

रायली : बनचा चुरा पूस आधी.

टायका : तुझी वही दे, मांडणी ताडून बघते. ...हे काय गं? हे पहिल्या आठवड्याचं. सहाच्या सहा सोडवलेली. दुसरा आठवडा, सहा. रायली, तू दर आठवड्याला सगळी सोडवतेस?

रायली : वही दे इकडे.

टायका : पण वर्गाच्या दाराशी ठेवतात त्या कागदावर, सोडवलेल्या गणितांपुढे, तू दोन-तीनच खुणा करतेस! मी पाहते ना, तुझ्या नावापुढे मोकळं रान असतं. मी चार सोडवते, पाचांवर खूण करते आणि फळ्याकडे बोलावलं की खोकायला लागते.

रायली : खूण केली की फळ्याकडे बोलावणं येऊ शकतं. म्हणून ज्या गणिताला सगळेच खूण करतात, तिथेच मी करते. गर्दीत आपला नंबर लागत नाही.

टायका : परीक्षेला बसायला छत्तीस खुणा लागतात. आज शेवटचा वर्ग. तुझ्या किती झाल्या?

रायली : तीस.

टायका : म्हणजे आज सहाच्या सहा! चौथ्यासकट! नाहीतर वर्ष गेलं. अगं, तुला शिक्षिका व्हायचंय ना?

रायली : व्हायचंय.

टायका : शिक्षिका दिवसभर कुठे उभी असते?

रायली : ठाऊक आहे मला, पोरी. मला चुकायची भीती नाही. फेरीबोट धक्क्याला आपटली तर शंभर माणसांसमोर आपटते, नि मी त्यांच्याकडे बघून माफी मागते. फळ्याशी पाठ असते लोकांकडे. मागे काय चाललंय ते कळतच नाही.

टायका : मग मी कळवीन. पहिल्या बाकावर बसते. कुणी हसलं तर मी त्याच्याहून मोठ्यांदा हसेन, इतकी की तो घाबरेल.

रायली : तुझं हसणं धुक्यातल्या भोंग्यासारखं आहे.

टायका : म्हणूनच! चल, ऊठ. आणि पेन मी देते, तुझं तू हरवशील मुद्दाम.

(पाऊण तासाने. वर्ग भरला आहे. दाराशी ठेवलेला खुणांचा कागद आता सरावाचा तास घेणाऱ्या पोंटसच्या हातात.)

पोंटस : चौथं गणित. बऱ्याच खुणा आहेत, छान. फळ्याशी कोण... रायली?

रायली : हो.

टायका : येतेय ती! कोट अडकलाय खुर्चीत, दुसरं काही नाही!

पोंटस : टायका, तुला कुणी विचारलं नाही. रायली, अख्ख्या सत्रात तू एकदाही इथे आली नाहीस. खात्री नसेल तर सांग, चौथ्याची खूण खोडतो. खोडली तर बाकीच्या राहतात. इथे येऊन अडलीस तर आजच्या सगळ्या जातात.

रायली : खोडू नकोस.

पोंटस : बरं. ये मग. हा खडू.

टायका : रायली, मागे सगळं शांत आहे. एकजण जांभई देतोय फक्त.

पोंटस : टायका!

रायली : बोलू दे तिला. ...पोंटस, फळ्याचे दोन भाग केले तर चालेल?

पोंटस : चालेल की. डावीकडे काय लिहिणार आहेस?

रायली : परवा मलाही शून्यच आलं होतं. आधी ते लिहिते.