पुलाची पाटी

तराफ्याच्या रांगेत माझ्यापुढे लिगाया आणि पाट्या रंगवणारे तेबानकाका उभे होते.

"काका, रंग घेऊन कुठे?" लिगायानं विचारलं.

"पुलाच्या पाटीवर नवं नाव घालायचंय. मेयरबाई मनिलाहून येतायत, पायाभरणीला."

"पुन्हा? पूल कुठाय?"

"पाटी आहे ना, ही काठावरची. आधी बाईंच्या आजोबांचं नाव लिहिलं, मग मुलाचं, आता नातीचं. सालदेविया हे आडनाव तेवढं पुसावं लागत नाही."

"इथं माझ्या लेकीला कळा सुरू झाल्यात. दवाखाना पलीकडे, आणि तराफ्याची फळी मोडली म्हणून नावाडी निघत नाही."

"पाटी चांगली जाड लाकडाची आहे."

"म्हणजे?"

"धर एका बाजूनं. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच सालदेवियांवरून कुणीतरी नदी ओलांडेल."