इंदुताईंच्या हिरवळीतला तरोटा

प्रफुल : वाचून दाखवतो मॅडम. "आपल्या बंगल्यासमोरील हिरवळीत रानटी तण माजले असून त्यामुळे वसाहतीच्या सौंदर्यास बाधा पोहोचली आहे व रहिवाशांना सर्पभय उत्पन्न झाले आहे."

इंदुताई : सुरेख. आता हे वाक्य उसवू या. माजले म्हणजे किती?

प्रफुल : दोन बोटांच्या वर. नियमच हाये तसा.

इंदुताई : बोटं कोणाची, हे नियमात नाही. पुढे, सर्पभय. गेल्या महिन्यात कुंपणापाशी वाघाची पावलं उमटली होती. त्याला नोटीस बजावलीस का, सेक्रेटरीसाहेब?

प्रफुल : गंमत नका करू मॅडम. तुमच्याच वर्गात शिकलो मी. पण गेटवर गवताची मशीन उभी हाये.

इंदुताई : उरला शब्द 'रानटी'. तो मात्र मला मान्य आहे. ते पावसाने उगवलं, कोणीही लावलेलं नाही. जिथे कर्ताच नाही, तिथे अपराधी कुठून आणणार?

प्रफुल : मंग तं झालंच. घरच्यानं हातानं लावलेलं असलं तं समिती हात नाई लावत. आपोआप आलेलं सारं कापाचं. तुमची केस तुम्हीच हरल्या मॅडम. ए डोमा, आण मशीन आत!

रंजीता : थांबा भाऊ! आई, ते आपोआप नाई आलं.

प्रफुल : वहिनी, तरोटा हाये तो. तरोटा कोणी पेरते काय? रोडच्या कडेले फुकटचा येते. लहानपणी आम्ही थैलाभर खुडून आणू भाजीले.

रंजीता : तुमच्या रोडले येत असन. इथी मातीही ट्रकनं आणली, गवतही गुंडाळून आणलं. म्या धानोऱ्याहून बी आणलं. माह्या मायच्या आंगणातलं.

इंदुताई : मला का सांगितलं नाहीस?

रंजीता : भेव वाटलं.

इंदुताई : मी तुला कधी रागावले आहे का?

रंजीता : नाई. म्हणून तं जास्त वाटलं.

(इंदुताई प्रफुलकडे वळतात.)

इंदुताई : माझ्या दिनेशने हिला लग्न करून या घरात आणल्यापासून मी हिच्याशी अत्यंत सभ्यपणे वागत आले, प्रफुल. तेवढं पुरेसं आहे अशी माझी समजूत होती.

प्रफुल : पण मॅडम, घरच्यानं म्हणजे मालकानं. वहिनीचं नाव कुठी हाये मालकात?

इंदुताई : घर कोणाचं, हे तू मला सांगणार? ही या घरची मालकीण. लिही.

प्रफुल : बरं. जबाब घ्या लागते. "सदर वनस्पती सौंदर्यवृद्धीकरिता लावली," असं टाकू?

इंदुताई : नाही. ती बोलेल तेच, जसं बोलेल तसं. बोल बाळा, का पेरलास?

प्रफुल : हळू सांगा वहिनी, हात पुरत नाई... हां... झालं. करा सही.

इंदुताई : आधी वाच.

प्रफुल : "म्याच पेरला तरोटा. या घरात कशालेही हात लावाचा तं विचारा लागते. मले वाटलं, एक तरी चीज असावी, जे मी न विचारता खुडीन अन् आईले रांधून वाढीन."