मोरया करण्याची अधिकृत पद्धत

...नाही, पण एक प्रश्न? एक साधा प्रश्न विचारायला काय जातं हो माणसाचं? डझनभर माणसं समोर बसलीयत, सगळ्यांचे गडद सूट, सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक, आणि आमचा देवदत्त सकाळपासून घसा फोडून जावा शिकवतोय... जावा म्हणजे ती जुनी मोटारसायकल नव्हे हो, कॉम्प्युटरची भाषा... तर फळ्यावर चौकोन काढतोय, चौकोनातून बाण काढतोय, बाणाच्या टोकाला आणखी चौकोन, आणि दर थोड्या वेळाने विचारतोय, "शंका? कुणाला काही शंका?" शांतता! माना मात्र हलतायत. खाली-वर, खाली-वर, सगळ्यांच्या एकदम. तुम्हाला सांगतो, शिकवा, जपानी माणसाला खुशाल शिकवा, पण जपून शिकवा!

आता देवदत्त हा पुण्याचा. पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये काय होतं? शिकवणाऱ्याने तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून हात वर! आणि तो काय स्वतःला कळावं म्हणून विचारतो? छे! आपल्याला कळलेलं आहे हे बाकीच्यांना कळावं म्हणून विचारतो! "सर, पण याच्याऐवजी असं केलं तर?" मग दुसरा म्हणतो, "मला वाटतं सरांचा मुद्दा वेगळा आहे." मग सर एका बाजूला आणि वर्गात दोन तट. अशा हवेत वाढलेला माणूस तो, त्याला प्रश्न नाही म्हणजे जेवणात मीठ नाही. घरी येऊन बायकोला म्हणायचा, "रेखा, मी भिंतीला शिकवतोय. भिंत निदान मान तरी हलवत नाही."

मुळात हा शिकवायला आलाच नव्हता हो! दोन हजार पाच साली टोकियोला आला तो प्रोग्राम लिहायला, बँकांची सिस्टिम सांभाळणाऱ्या एका कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. पण त्या कंपनीत काय, की तीस-तीस वर्षं ज्यांनी कोबोल नावाच्या जुन्या भाषेत बँकांचे व्यवहार सांभाळले, ती पन्नाशी उलटलेली मंडळी होती, आणि कंपनीने ठरवलं की आता कोबोल बंद, जावा सुरू. आपल्याकडे असतं तर काय केलं असतं? व्हीआरएस! नारळ हातात, शाल खांद्यावर, दोन भाषणं आणि टाटा! तिथे म्हणाले, शिकवू त्यांना. आणि शिकवणार कोण, तर देवदत्त-सान (सान म्हणजे आपलं 'राव' हो), कारण देवदत्त-सानना जपानी येतं. म्हणजे काय येतं? स्टेशनवर वाट विचारण्यापुरतं आणि आलेलं उत्तर न कळण्यापुरतं!

ट्रेनिंग खात्याच्या कुरिहारा-सान म्हणून बाई होत्या. अतिशय गोड बोलायच्या, आणि त्या गोडव्यातच धमकी गुंडाळून द्यायच्या. त्या म्हणाल्या, "देवदत्त-सान, मार्चमध्ये बुचो स्वतः वर्ग बघायला येतील." बुचो म्हणजे विभागाचे मोठे साहेब. "सगळ्यांचे प्रोग्राम त्यांच्यासमोर चालले, की मग तुमच्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं बघता येईल." आणि हसल्या. आता नाही चालले तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. ते बोलायचं नसतंच तिथे. व्हिसा संपला की विमान, एवढं देवदत्तचं त्यालाच कळलं.

आणि घरी? टोकियोच्या ओजिमा भागातल्या एका सरकारी इमारतीत सातव्या मजल्यावर रेखा दोन वर्षं नुसती बसून होती. पहिलं वर्ष कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा हे शिकण्यात गेलं, आणि ते सोपं नाही हो, चुकीच्या वारी पिशवी ठेवली की पिशवी जागेवरच, वर चिठ्ठी! दुसरं वर्ष भाषा शिकण्यात. आणि आत्ता कुठे स्टेशनजवळच्या बेकरीत तिला अरुबाइतो मिळालं होतं, म्हणजे अर्धवेळ काम. डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती सकाळी अशी निघायची की देवदत्तने तिला लग्नानंतर इतकं खूश पाहिलं नव्हतं. तिने सरळ सांगितलं, "हे बघ, तुझं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर तू जा पुण्याला. मी आणि ओवी सुट्टीत येऊ तुला भेटायला." थट्टा होती ती... पण सगळी नव्हती. लेक ओवी पहिलीत, तिचा तर प्रश्नच नाही, ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत देत होती.

तर असा सगळा जीव त्या वर्गात अडकलेला, आणि वर्ग गप्प!

आता देवदत्तला एक सवय. पुण्यात स्कूटरवरून जाताना देऊळ लागलं की आपण काय करतो? गाडी थांबवतो? नाव नको! एक हात हँडलवरून सुटतो, छातीला लागतो न लागतो तोच परत हँडलवर, तोंडात पुटपुट, डोळे सिग्नलवर. झालं दर्शन! तसंच हा कॉम्प्युटरशी करायचा. प्रोग्राम चालवायच्या आधी हात मॉनिटरला, मग छातीला, "मोरया", आणि एंटर. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलपासूनची सवय. हात आपोआप जायचा, करताना त्याचं तिकडे लक्षही नसायचं. पण ती डझनभर माणसं बघत होती ना! एकेक हालचाल बघत होती. तिथे गुरूकडे बघून शिकायचं असतं, विचारून नव्हे.

आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, हात वर झाला! ओगाता-सान यांचा! साठीला टेकलेले, पांढरेशुभ्र केस, चेहरा कायम परीक्षेला बसल्यासारखा. नापास झालेल्या माणसाला तिथे काढत नाहीत म्हणे, खिडकीशी एक टेबल देतात आणि काम देत नाहीत. ओगाता-सानना त्या खिडकीची इतकी धास्ती होती की ते जेवायच्या सुट्टीतही जावा घोटत बसायचे. त्यांचा हात वर बघून देवदत्तला भरून आलं हो. इतक्या दिवसांनी प्रश्न!

ओगाता-सान उठले, वाकले, म्हणाले, "क्षमा करा. तो हात... उजवाच लागतो का?"

आता शहाण्या माणसाने काय करावं? "कुठला हात?" असं विचारावं. पण हा प्रश्नांचा भुकेला! उपाशी माणूस ताटात काय वाढलंय ते बघतो का? म्हणाला, "वा! फार छान प्रश्न! हो, उजवाच. डावा आमच्याकडे चालत नाही." सगळ्यांच्या पेन्सिली कागदावर. दुसरा हात वर! "एकदाच करायचं की दोनदा?" देवदत्त खुलला. "एरवी एकदा पुरे. नवीन सिस्टिम सुरू व्हायच्या दिवशी मी दोनदा करतो." तिसरा हात! "तो शब्द मनात म्हणायचा की मोठ्याने?" "मोठ्याने म्हटलं तर उत्तमच!" शिकवा, खुशाल शिकवा, पण जपून शिकवा म्हणतो ते यासाठी!

मागे कुरिहारा-सान बसलेल्या. त्यांनी विचारलं, "आणि याचा उद्देश काय?" तिथे हा अडखळला. ऑफिसात देव कसा आणायचा? आणि त्या तोडक्यामोडक्या जपानीत गणपती समजावायचा म्हणजे हत्तीच्या डोक्यापासून सुरुवात! म्हणाला, "काही... गडबड होऊ नये म्हणून." झालं! एवढं बास होतं. ज्या देशात ट्रेनचा ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्याचं बोट दाखवून मोठ्याने बोलतो, गडबड होऊ नये म्हणून, त्या देशात हे कुणाला विचित्र वाटणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पाऊल टाकतो तो काय... डझनभर उजवे हात मॉनिटरला, डझनभर हात छातीला, आणि एकसुरात, "मोरिया!" देवदत्तच्या हातातला चहा सांडला. म्हणाला, "नको नको, हे करायची गरज नाही!" कुरिहारा-सान शांतपणे म्हणाल्या, "पण हे केल्याने गडबड होत नाही ना?" "हो, पण..." "मग गडबड झालेली चालेल का?" आता बोला! रेखाला सांगितलं तर ती हसून हसून पलंगावर आडवी. "अरे, सांग की त्यांना देवाचं आहे म्हणून!" "आणि मी ऑफिसात धर्मप्रसार करतो म्हणाले तर?" तशी ती उठून बसली, हसू गेलं, आणि बेकरीचा रुमाल नुसताच घडी करत राहिली. देवदत्तला तिच्याकडे बघवेना.

मार्च आला. बुचो आले. उंच, सडपातळ, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मागे हात बांधून उभे राहिले. कुरिहारा-सान म्हणाल्या, "सुरू करा." आणि बारा वयस्कर गृहस्थ खुर्च्या मागे सारून उभे राहिले... उभे! बसून करणं त्यांना कमी आदराचं वाटलं असणार... हात मॉनिटरला, हात छातीला, आणि विशेष दिवस म्हणून दोनदा, "मोरिया! मोरिया!" काचा हादरल्या. शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. देवदत्तला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बुचोंनी दातांतून हवा आत ओढली... सूऽऽऽ. टोकियोत राहिलेल्या कुणालाही विचारा, साहेबाने अशी हवा ओढली की समजायचं, अवघड आहे. देवदत्तने मनातल्या मनात सामान बांधलं. ओवीला शाळेतून काढलं, रेखाला विमानात बसवलं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसलीय, त्याच्याशी बोलत नाहीय, इथपर्यंत तो पोचला होता.

आणि प्रोग्राम चालले! सगळे! एकही अडकला नाही!

बुचो म्हणाले, "ओगाता-सान, तुम्ही उभे राहून काय केलंत?" आणि ओगाता-सान, ज्यांनी तीस वर्षांत साहेबासमोर चार वाक्यं सलग बोलली नसतील, ते बोलले. म्हणाले, "आम्हाला वाटायचं, आता नवीन काही जमणार नाही. घाबरून घाई व्हायची, घाईत चुका व्हायच्या. हात लावून उभं राहिलं की घाई थांबते. तेवढ्यात चूक दिसते. देवदत्त-सेन्सेईंनी हे शिकवलं." सेन्सेई! गुरुजी! देवदत्तच्या डोळ्यांत पाणी आलं हो. आपण शिकवलं जावा, ती माणसं शिकली थांबायला, आणि श्रेय आपल्याला! बुचो वाकले. चांगले कमरेतून वाकले. कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. रेखाने बेकरीतून केक आणला, आणि ओवीने मोठं होऊन बेकरीच काढायची असं जपानीत जाहीर केलं. इथे ही गोष्ट संपायला काय हरकत होती?

पण नाही! कारण तिथे चांगली गोष्ट सापडली की तिला तशीच मोकळी सोडत नाहीत, तिची पद्धत करतात. एप्रिलमध्ये झेरॉक्स मशीनशेजारी पोस्टर लागलं. आकृती एक, तळहात मॉनिटरला, बोटं जुळलेली. आकृती दोन, तळहात छातीवर. आकृती तीन, तोंड उघडं. खाली नियम: सिस्टिमला हात लावणाऱ्या प्रत्येकाने या पद्धतीची परीक्षा पास व्हायची. त्याशिवाय की-बोर्डला हात लावायचा नाही. प्रत्येकाने म्हणजे प्रत्येकाने! आणि परीक्षक कोण? ओगाता-सान! खिडकीचं भय गेलं, दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

देवदत्त गेला हसत हसत. हात मॉनिटरला, हात छातीला, "मोरया", एंटर! ओगाता-साननी वहीत काहीतरी टिपलं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा केलं. मग ते उठले, इतके वाकले की पांढरे केस टेबलाला लागले, आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "सेन्सेई, फार फार क्षमा करा. हात छातीपर्यंत पोचत नाही. आवाज घशातूनच येतो. आणि... मन भलतीकडेच असतं." नापास! स्वतःच्या मोरयात नापास! वर आठवडाभराचं ट्रेनिंग, सगळ्या नव्या पोरांबरोबर, आणि सोमवारी फेरपरीक्षा. कॉन्ट्रॅक्ट हातात, खुर्ची बुडाखाली, आणि की-बोर्डला हात लावायचा नाही!

रविवारी सकाळी पुण्याला आईला फोन केला, प्रभावतीबाईंना. म्हटलं, निदान आपलं माणूस तरी बाजू घेईल. सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हात पोचत नाही म्हणाले? आणि मन भलतीकडे असतं म्हणाले?" "हो ना गं आई!" "अरे, तू चार वर्षांचा असल्यापासून देवापुढे उभं करून मी दुसरं काय सांगत होते? घसा सुकला माझा! त्या ओगातांना माझा नमस्कार सांग हो. आणि म्हणावं, सोमवारी त्याला पास करायची घाई करू नका... हातासरशी शुभंकरोतीपण घ्या करून!"