झिलमिलीच्या पट्ट्या

विमल नांदेड स्टेशनच्या मुसाफिरखान्यात पूर्णेच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर हैद्राबादला नोकरीवर निघालेला एक तरुण आणि त्याची म्हातारी आई बोलत होते.

"माय, नव्या घराच्या खिडकीला झिलमिलीच्या तिरप्या लाकडी पट्ट्या पक्क्या ठोकून घे. तोंड आभाळाकडं. वारा आला म्हणजे झालं."

"अन् सिंधूला, माझ्या सुनेला, रस्ता कसा दिसंल?"

"रस्त्यात काय पाहायचंय तिला?"

"तू तर चाललास. काय पाहायचं ते तिचं तिला ठाऊक."

"लोक आत डोकावतील."

"म्हणून तर पट्ट्या फिरत्या पाहिजेत. दांडी ओढली की बंद."

"ओढणार कोण?"

"जी आत बसंल ती."

"आपल्या जुन्या घरी पक्क्याच होत्या की."

"हाव. लई वर्सं मी आभाळच पाहिलं. तुझ्या बापाला बाजेवर घालून आणलं, तवा सारी गल्ली पाहत होती. मला बाज दारात आल्यावर कळलं."

विमलनं कान टवकारले. तेवढ्यात हैद्राबादची गाडी आली, तरुण आईच्या पाया पडून चढला. गाडी हलली तसा खिडकीतून ओरडला,

"माय, फिरत्याच बसव!"

"कालच बसवल्या रे!" म्हातारी हात हलवत म्हणाली.