तुपेर्नाबाईंनी परत पाठवलेलं जहाज

सन्माननीय नगराध्यक्ष एनोक साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले नगरसेवक, सत्कारमूर्ती तुपेर्नाबाई, आणि खुर्च्या संपल्यामुळे सीलच्या सुपाच्या पातेल्याशेजारी उभे असलेले माझे गाववाले! शिकारी संघाचा परिषदेतला प्रतिनिधी म्हणून मला, गाबाला, चार शब्द बोलायला सांगितलंय. चांगलेच बोला, असंही सांगितलंय.

सहा वर्षांपूर्वी आपल्या परिषदेला साक्षात्कार झाला, की पर्यटनाने ग्रीनलंडचं कल्याण होणार. कसं? तर शेजारच्या आइसलंडसारखं! मग पर्यटन अधिकारी तुपेर्नाबाई आणि सोबतीला मी, असे आम्ही तिकडे शिकायला गेलो. एका धबधब्याखाली ग्रोआ नावाची मेंढ्या पाळणारी बाई भेटली. तिच्या कुरणात बसगाड्या चरत होत्या. ती म्हणाली, "आमचं बघून काय करायचं ते ठरवू नका, बाबांनो. काय करायचं नाही ते ठरवा. आधी संडास बांधा. आणि दिवसाला किती माणसं घ्यायची, ते माणसं यायच्या आधी ठरवा. नंतर कुणी ऐकत नाही."

बाईंनी अहवालात लिहिलं: दिवसाला दोनशे, वर एकही नाही. परिषदेने अहवालाचं मनापासून स्वागत केलं आणि त्यातला धबधब्याचा फोटो तेवढा माहितीपत्रकावर छापला. आपल्याकडे धबधबा नाही, ही किरकोळ बाब.

गेल्या ऑगस्टात अकराशे माणसांचं जहाज आलं. गावात आपण तीनशे ऐंशी. त्याच दुपारी माझ्या थोरल्या बहिणीची, बेनिग्नेची, अंत्ययात्रा होती. आमच्याआधी जहाजावरचे लाल कोटवाले पाहुणे दफनभूमीत हजर! एक गृहस्थ शवपेटीपुढे येऊन म्हणाले, "जरा थांबता का? उजेड छान आहे."

मी थांबलो. इतके आपण अगत्यशील.

तुपेर्नाबाई थांबल्या नाहीत. भोंगा घेऊन त्यांनी सगळ्यांना परत होड्यांत बसवलं. एनोक साहेब धापा टाकत आडवे आले, "अगं, कंपनी रागावेल!"

"रागवू दे. साहेब, टोपी काढा. प्रेत चाललंय."

कंपनी रागावली. परिषदेने पर्यटन अधिकारी हे पदच रद्द केलं. म्हणून आज ही निरोपाची, विमानाने मागवलेली फुलं. बाई आता ग्रोआच्या गावी चालल्या; तिथल्या लोकांनी त्यांना गर्दीला आवर घालायला बोलावलंय. बाईंची किंमत शेजाऱ्यांना कळली, म्हणायचं.

पद रद्द करायच्या त्या ठरावाला बंद दाराआड सात हात वर झाले होते. सहा जण इथे व्यासपीठावर आहेत. सातवा हात माझा. नातवाच्या बोटीला त्या जहाजाचं काम मिळतं, म्हणून. बहिणीला माती देऊन तीन आठवडे झाले नव्हते.

काल तुपेर्ना माझ्या दारात आली. म्हणाली, "काका, मला माहीत आहे. तुम्ही स्वतःहून सांगता का, तेवढंच बघायचं होतं."

सांगितलं, पोरी. सोमवारच्या बैठकीत दोनशेचा ठरावही मीच मांडणार आहे. पडेल बहुतेक.

आयोजकांचे आणि सूप रांधणाऱ्या बायकांचे आभार. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. केलेल्या गोष्टीची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही, तुपेर्नाकडे मागतो. आणि ती तिने द्यायलाच हवी, असं काही नाही.